दयेपोटी तलावात सोडलेला क्रेफिश

बेंगळुरूच्या सदनिकांमध्ये काचेच्या टाकीत क्रेफिश पाळण्याची हौस समजण्याजोगी आहे. शेवंडासारखा दिसणारा हा गोड्या पाण्यातला प्राणी कात टाकतो, तुटलेली नांगी पुन्हा वाढवतो, रात्री वाळू उपसत बसतो. भौतिकशास्त्रही त्याचे ऋणी आहे. क्रेफिशच्या शेपटीवरील संवेदी केसांवर झालेल्या एका प्रयोगात १९९३ साली असे दिसले, की योग्य प्रमाणातील गोंगाट दुर्बल संकेताला बुडवत नाही. उलट तो ओळखायला मदत करतो. असा प्राणी एखाद्या विद्यार्थ्याला घरी हवासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो टाकी आवरण्याच्या दिवशी.

नोकरी बदलते, घर बदलते; क्रेफिशने सोबतचे मासे तोवर फस्त केलेले असतात. त्याला मारवत नाही, म्हणून तो जवळच्या तलावात सोडला जातो आणि सोडणाऱ्याला जीवदानाचे समाधान लाभते.

भारतीय उपखंडात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. इथे दिसणारा प्रत्येक क्रेफिश परका आहे. ‘एकटा प्राणी काय करणार?’ या प्रश्नाला संगमरवरी क्रेफिशने चोख उत्तर दिले आहे. १९९०च्या दशकात जर्मनीतील हौशी मत्स्यपालकांच्या टाक्यांमध्ये तो प्रथम लक्षात आला. त्यात नर नाहीतच. गुणसूत्रांचे तीन संच बाळगणारी मादी नराविना अंडी घालते, तीही एका खेपेस शेकडो, आणि सारी पिल्ले तिची जनुकीय प्रतिकृती असतात. मादागास्करमध्ये २००७ ते २०१७ या दहा वर्षांत त्याने व्यापलेले क्षेत्र सुमारे शंभरपट झाले.

बेंगळुरूचे तलाव सुटे नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. राजकालुवे नावाचे नाले त्यांना उतारावर एकमेकांशी जोडतात. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला जाते आणि तिथून दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूत. ‘त्या सांडपाण्यात तो जगणार कसा?’ असे विचारले जाते. अमेरिकेतून जगभर पसरलेला लाल क्रेफिश कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो, ओलाव्यात काही काळ पाण्याबाहेर राहतो आणि काठाच्या मातीत बिळे पोखरतो. इथले जुने तलाव मातीच्याच बांधांवर उभे आहेत! शिवाय अमेरिकी जाती स्वतः फारशा आजारी न पडता ‘क्रेफिश प्लेग’ची बुरशीसदृश लागण वाहून नेतात. तिने युरोपातील मूळ क्रेफिशांचा संहार केला आणि ती गोड्या पाण्यातील काही खेकड्यांतही आढळली आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांतील अनेक जातींचे खेकडे अन्यत्र कुठे सापडत नाहीत, त्यामुळे ही जोखीम घेण्यासारखी नाही.

तरीही सगळा दोष पाळणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. टाकीवर नुसते ‘निळा’ किंवा ‘लाल’ लिहिले असेल, तर आपण कोणती जात घरी नेतो आहोत हे गिऱ्हाइकाला कळायचे कसे? युरोपीय संघाने संगमरवरी आणि लाल या दोन्ही क्रेफिशांच्या विक्रीवर २०१६ सालीच बंदी घातली. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने कलम ६२अ आले. परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. तलावात पहिला क्रेफिश सापडण्याची वाट न पाहता तो या दोन जातींसाठी वापरावा. विक्रेत्यावर शास्त्रीय नाव लिहिण्याची आणि नकोसा झालेला प्राणी परत घेण्याची सक्ती असावी. तोवर टाकी आवरणाऱ्याने तो दुसऱ्या पाळणाऱ्याच्या बंद टाकीत द्यावा. तलावात मात्र नाही.