हक्क तिचा, कागद त्याच्या कपाटात

नोव्हेंबर लागला की नाशकातल्या बँकांत निवृत्तांची गर्दी होते. कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे हयातीची सही करायची असते. या गर्दीत दरवर्षी काही बायका पहिल्यांदाच आलेल्या असतात. गेल्या नोव्हेंबरात सही करायला नवरा आला होता. आता हिच्या पिशवीत त्याच्या मृत्यूचा दाखला आहे, पासबुक आहे आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. तो कागद तिने आजवर कधी उघडलेला नसतो.

गाडी अडते ती नावाशी.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. सासरी तेच रुळले, शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचे राहिले. नवऱ्याने कचेरीत एक नाव लिहून दिले, आधार काढताना दुसरे लागले. चाळीस वर्षे संसार केल्यावर ‘ती बायको मीच’ हे तिला प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते.

कायदा पाहिला तर तिची बाजू भक्कम आहे. केंद्र सरकारने १९६४ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आणली. राज्यात १९८२चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत आणि त्यानुसार पत्नीला नवऱ्याच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण ३० टक्के रक्कम मिळते. ही नवऱ्याची इस्टेट नव्हे. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केले होते. तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कुणाला देताच येत नाही. म्हणजे नवऱ्याच्या मनात आले तरी तो बायकोचा हा हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही.

तरीही तिच्या पदरात काय पडणार, हे ठरते त्याच्या कागदांवरून. पहिला कागद नेमणुकीचा. एकाच कचेरीतले दोन लिपिक घ्या. एक ऑक्टोबर २००५ मध्ये रुजू झाला, दुसरा नोव्हेंबरात. १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना नवी अंशदायी योजना लागू झाली आणि दुसऱ्याच्या बायकोचे कुटुंब निवृत्तिवेतन गेले. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला. ३१ मार्चच्या शासन निर्णयाने सेवेत असताना मृत्यू आला तर ते निवृत्तिवेतन परत मिळाले. एसटी चालकाच्या बायकोची गोष्ट आणखी वेगळी. महामंडळ सरकारचे, पण निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतले. तिथे किमान रक्कम आजही महिना एक हजार रुपये आहे. नाशकात तेवढ्यात महिन्याचे दूधही येत नाही.

दुसरा कागद लग्नाचा. सोलापूरच्या एका दिवंगत सरकारी कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या पत्नीने कुटुंब निवृत्तिवेतन मागितले होते. पहिली पत्नी वारल्यावर ते आपल्याला मिळावे, असे तिचे म्हणणे. पहिले लग्न कायम असताना झालेला विवाह वैध नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली तिची मागणी फेटाळली. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबरच आहे. पण पत्नी हयात असताना दुसरे लग्न करायला शासकीय कर्मचाऱ्याला १९७९च्या वर्तणूक नियमांनी मनाई आहे. नियम मोडायचा त्याने आणि भरपाई करायची तिने, असा हा हिशेब होतो.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. प्रत्येक कार्यालयाने ठरावीक वर्षांनी कर्मचाऱ्याकडून कुटुंबाचा तपशील नव्याने भरून घ्यावा, नाव आधारशी ताडून पाहावे आणि सही-शिक्क्याची एक प्रत थेट पत्नीच्या पत्त्यावर पाठवावी. हक्क तिचा आहे, तर कागदही तिच्या हाती हवा.

शासन हे करेल तेव्हा करो. घरात निवृत्त माणूस असेल तर आज संध्याकाळी कपाटातून पीपीओ काढा आणि त्यावरचे बायकोचे नाव तिच्या आधारशेजारी ठेवून वाचा. एका अक्षराचाही फरक निघाला तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. त्या अर्जावर आज नवऱ्याची सही मिळू शकते.