‘बँकर’ला यादीत घ्या

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की डब्यात कुणीतरी सांगतंच, “आता बँकर लावतील.” मागून विजेची दोन-तीन इंजिनं सावकाश येतात, शेवटच्या डब्याला टेकतात आणि एक हलका धक्का थेट पुढपर्यंत जाणवतो. फलाटावर वड्यांची घाई चाललेली असते. मग पुढचं इंजिन ओढायला लागतं, मागची रेटायला लागतात, आणि पळसदरी, जामरुंग, ठाकूरवाडी मागे टाकत गाडी बोरघाट चढते. लोणावळ्याला बँकर सोडतात. कर्जत-खालापुरात वाढलेल्या पोराला हा शब्द कुणी शिकवत नाही. पैशांचा व्यवहार करणारा बँकर त्याला नंतर कळतो, घाटातला आधी.

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेसाठी शब्दयादी तयार होते आहे आणि ‘मूळ इंग्रजी असेल तो शब्द नको’ असा नियम ठरतो आहे. या नियमाला माझा विरोध आहे. कारण त्याने ‘बँकर’ बाहेर राहतो, आणि तो बाहेर ठेवण्यासारखा शब्द नाही.

इंग्रजीत ‘बँक’ एक नाही. पैशांची बँक इटालियनमधल्या ‘बांका’वरून आली. बांका म्हणजे बाक. इटलीतल्या शहरांत सराफ बाक मांडून नाणी बदलून देत, त्या बाकाचं नाव पुढे धंद्याला चिकटलं. नदीकाठाची बँक उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आली असं मानतात. दोन्हींचं मूळ मात्र एकाच जुन्या जर्मानिक शब्दात आहे. काठाच्या बँकेला उंचवटा आणि चढण हेही अर्थ आहेत. उत्तर इंग्लंडमध्ये आजही चढावाच्या रस्त्याला बँक म्हणतात. रेल्वेवाल्यांनी हाच अर्थ उचलला: चढण म्हणजे बँक, चढणीवर मागून रेटणारं इंजिन म्हणजे बँकर. बर्मिंगहॅमजवळ ब्रॉम्सग्रोव्हची लिकी चढण १८४० साली सुरू झाली. तिथे ३७.७ फुटांना एक फूट असा चढ आहे, पण जेमतेम दोन मैल. बोरघाटात तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट, आणि सुमारे सोळा मैलांत गाडी १,८३१ फूट वर जाते. म्हणजे शब्द इंग्लंडातून आला हे खरं, पण त्याला खरं काम मिळालं ते आपल्या घाटात.

आता आपला ‘घाट’ पाहा. नदीवर उतरायच्या पायऱ्या म्हणजे घाट, आणि डोंगर चढून जायची वाटही घाट. काठ आणि चढण, हे दोन्ही अर्थ जसे ‘बँक’मध्ये एकत्र आले, तसेच संस्कृत ‘घट्ट’पासून निघालेल्या ‘घाट’मध्येही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हीच वाट धरावी, हे मला फार मोठं वाटतं. आणि इंग्रजांनी आपल्या ‘घाट’चं काय केलं? यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आहे, नदीचा अर्थ आहे, डोंगराचाही आहे. सह्याद्रीला ते ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणू लागले. त्यांची इंग्रजी त्याने बाटली नाही.

भाषाशुद्धीची बाजू मी हलकी मानत नाही. सावरकरांनी दिलेले महापौर, दिग्दर्शक हे शब्द आपण रोज वापरतो. ‘पेरेंट्सनी टाइमवर यावं’ अशी आपल्याच सूचनाफलकावरची वाक्यं मलाही खटकतात, कारण पालक आणि वेळ हे शब्द हाताशी असताना आपण आळस केलेला असतो. बँकरचं तसं नाही. त्याच्या जागी मराठी शब्द नव्हता, कारण ती वस्तूच नव्हती. ‘साहाय्यक इंजिन’ म्हटलं तर कर्जतच्या फलाटावर चटकन कुणाला उमगायचं नाही. शब्द परका की आपला, हे जन्मगावावरून ठरवू नये. तो कुणाच्या तोंडी, कोणत्या कामासाठी रुळला, ते पाहावं.

आणि हा शब्द ज्या वाटेवर रुळला, ती सहज बांधली गेलेली नाही. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत पोचले. पलीकडून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट पालखीत, तट्टावर नाहीतर पायी पार करावा लागे. घाटाच्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांहून जास्त मजूर डोंगर फोडत होते, साथींनी आणि अपघातांनी कितीतरी मेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे घाटाचं काम चालू असतानाची. या कामातून मराठीत आलेले शब्द तिला कुठून सापडणार? पुढे तरी ते टिपायचं काम आपलं होतं.

ते आता करायला हवं, कारण फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तशा गाड्या वाढल्या की “आता बँकर लावतील” हे डब्यात ऐकू येणं कमी होत जाईल. म्हणून यादीत ‘बँकर’पुढे दोन्ही अर्थ लिहावेत, घाटातला आधी. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूरकडची जी कुटुंबं आपल्या मंडळात आहेत, त्यांनी घरातल्या थोरल्यांना, विशेषतः रेल्वेत नोकरी केलेल्यांना, फोन करून असे आणखी शब्द विचारावेत आणि यादी छापायला जायच्या आत शाळेकडे द्यावेत.