सिंह कोणाचा, आणि पॅंथर कोणाचा?

'गेम ऑफ थ्रोन्स'मधला स्टार्क घराण्याचा लांडगा किंवा लॅनिस्टरांचा सोनेरी सिंह आज आपल्याही पोरांच्या टी-शर्टवर आणि डीपीवर दिसतो. यावर कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. कथा सगळ्यांच्या असतात. पण मित्रहो, कथेतला झेंडासुद्धा वाचावा लागतो. कारण झेंडा म्हणजे नुसते चित्र नव्हे, ती एक समाजव्यवस्था असते.

जॉर्ज मार्टिनच्या वेस्टरॉसमध्ये झेंडा कोणाला आहे? घराण्याला. तो मिळतो कशाने? जन्माने. सरदाराच्या अनौरस मुलाला बापाचे आडनाव मिळत नाही. उत्तरेत जन्मला तर तो 'स्नो'. बापाचे चिन्ह लावायचे तर रिवाजानुसार रंग उलटे करून लावायचे, म्हणजे युद्धाच्या धुळीतही लांबूनच कळावे की हा शुद्ध रक्ताचा नाही. आणि ज्याच्या शेतावर ही युद्धे होतात त्या शेतकऱ्याला काय? काहीच नाही. तो ज्याच्या जमिनीवर राबतो, त्याच्या झेंड्याखाली मरतो.

त्याच कथेतल्या व्होलांटिस शहरात गुलामांनाही चिन्ह आहे, पण ते गालावर गोंदलेले. शिपायाच्या गालावर वाघाचे पट्टे, वेश्येच्या गालावर अश्रू. तिथली एक स्वतंत्र झालेली श्रीमंत विधवा तो अश्रू कापून काढते. व्रण राहतो, आणि शहर पाठीमागे तिला जुन्याच नावाने ओळखते. हे वाचून कोणाला पेशवाईतला काळा दोरा आठवणार नाही? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन'मध्ये तो दोरा आणि कमरेचा झाडू, दोन्हींची नोंद करून ठेवली आहे. वरच्याला चिन्ह मिरवायला, खालच्याला चिन्ह ओळखू यायला. नियम तोच.

टॉल्किनकडे बघा. गोंडोरला पांढरा वृक्ष, रोहनला हिरव्या रंगावर पांढरा घोडा. ऑर्कांच्या ढालीवर मात्र सौरॉनचा लाल डोळा किंवा सारुमानचा पांढरा हात. म्हणजे मालकाची खूण. एवढ्या मोठ्या जमातीला लेखकाने स्वतःचे म्हणावे असे एक निशाण दिले नाही.

कोणी म्हणेल, 'अहो, मध्ययुगीन युरोप तसाच होता, लेखक काय करणार?' मग ड्रॅगन कुठे होते युरोपात? ज्या कल्पनेला ड्रॅगन उडवता येतो, तिला शेतमजुराच्या हातात झेंडा देता येत नाही, हे इतिहासाचे बंधन नाही. ती कल्पनेची वर्गवारी आहे.

प्रत्यक्षातल्या माणसांनी मात्र हे करून दाखवले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, लाउंड्स परगण्यात, कृष्णवर्णीयांनी १९६६ च्या निवडणुकीसाठी स्वतःचा पक्ष उभा केला. मतपत्रिकेवर चिन्ह हवे होते. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा. यांनी निवडला काळा पॅंथर. पुढे ऑकलंडच्या ब्लॅक पॅंथर पक्षाने तो घेतला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पॅंथरने ते नाव उचलले. या पॅंथरला ना घराणे, ना वंशावळ. सिंह वारशाने मिळाला होता, पॅंथर निवडला गेला. फरक एवढाच आहे, आणि तोच सगळा आहे.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेला तिरंगाही असाच. तो ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. त्यावर कोणत्याही राजघराण्याचे चिन्ह नाही, अशोकाचे धम्मचक्र आहे.

आता थोडे कडू. आपला निळा झेंडा एकच. पण त्यावर प्रत्येक गट आपल्या नेत्याचा फोटो छापतो आणि पुढे नेत्याच्या मुलाचाही. मग तो चळवळीचा झेंडा उरत नाही, घराण्याचा होतो. वेस्टरॉसला हसायचे आणि आपल्याच वस्तीच्या चौकात चार घराण्यांचे चार झेंडे लावायचे, हे चालणार नाही.

लिहिणाऱ्या पोरापोरींनो, तुम्हीही राज्ये कल्पा, ड्रॅगन उडवा. फक्त तुमच्या राज्यात झेंडा कोण शिवते आणि त्यावर काय असावे हे कोण ठरवते, ते आधी लिहा.

जय भीम!