इत्तिला मिळाल्यानंतरची कसूर

वंशसंहार करणारी राजवट दोषी, याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु तो चालला असता हातावर हात ठेवून बसलेली इतर राष्ट्रेही कायद्याच्या दृष्टीने दोषी ठरू शकतात, असे म्हटले की एरवी विचारी असणारी माणसेसुद्धा बिचकतात. ज्याने शस्त्र उचलले नाही त्याला अपराध्याच्या पंक्तीस का बसवायचे, राष्ट्रांचे सार्वभौमत्व म्हणून काही आहे की नाही, आणि दूरदेशी काय शिजते आहे ते आधी कळावे तरी कसे, असा हा पूर्वपक्ष आहे. दिल्लीतील परराष्ट्रनीतीचे पंडित तो जितक्या आत्मविश्वासाने मांडतात तितक्याच आत्मविश्वासाने तो पारशिवनीच्या तहसील कचेरीबाहेरही मांडला जातो, आणि म्हणून त्याचे उत्तर पारशिवनीपासून आरंभणे उचित होय.

या तहसिलीतील कोणत्याही खेड्याचा पोलीस पाटील घ्या. गावच्या हालहवालाची खबर दंडाधिकाऱ्याला देत राहणे आणि गावात गुन्हा घडू न देणे ही त्याची कर्तव्ये महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ याने ठरवून दिली आहेत, आणि त्यांत हयगय केल्यास त्याची पाटीलकी जाऊ शकते. उद्या पेंचकाठच्या एखाद्या गावात अमुक एका वस्तीवर चालून जाण्याचा बेत ठरला आहे हे ठाऊक असूनही पाटील गप्प राहिला, तर ‘मी काठी उचलली नव्हती’ ही त्याची कैफियत कोणी ऐकून घेणार नाही. त्याला कोणी खुनी म्हणणार नाही. कर्तव्यच्युत मात्र खचित म्हणेल. खून करणे आणि खून होऊ देणे हे निराळे अपराध आहेत, परंतु ते निराळे आहेत एवढ्यावरून दुसरा अपराधच नव्हे असे सिद्ध होत नाही. ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या वंशसंहारविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात शिक्षेबरोबर प्रतिबंधाचेही बंधन घातलेले आहे. बोस्नियाच्या दाव्यात २६ फेब्रुवारी २००७ रोजी निकाल देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्रेब्रेनित्सा येथील संहार सर्बियाने केला असे म्हटले नाही, परंतु तो रोखण्यात सर्बियाने कसूर केली असे स्पष्ट ठरवले. आणि हे कर्तव्य गंभीर धोक्याची जाणीव झाली, किंवा व्हायला हवी होती, त्याच क्षणी सुरू होते असेही सांगितले.

आता ‘कळले नव्हते’ या सबबीकडे वळू. ११ जानेवारी १९९४ रोजी रवांडातील संयुक्त राष्ट्रसेनेचे सेनापती दालेर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली: किगालीत शस्त्रांचे साठे आहेत, तुत्सींच्या नोंदी करण्याचा हुकूम सुटला आहे, आणि वीस मिनिटांत हजार माणसे मारण्याची तयारी असल्याचे आतल्याच एका खबऱ्याने सांगितले आहे. साठे जप्त करण्यास त्यांनी परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. उलट ही माहिती खुद्द त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या कानावर घाला, असे त्यांना कळवण्यात आले. एप्रिलपासूनच्या शंभर दिवसांत सुमारे आठ लक्ष माणसे मारली गेली, आणि कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तेथील सेना वाढवण्याऐवजी २७० वर आणली. इत्तिला पोहोचली होती. ठाण्यानेच दार लावून घेतले.

आमच्या अधिक जवळचा दाखला १९७१ चा. डाक्क्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल रोजी पूर्व पाकिस्तानातील कत्तलीविषयी आपल्याच सरकारच्या मौनाचा लेखी निषेध करणारी तार धाडली, तेव्हा वॉशिंग्टनने धोरण बदलले नाही, ब्लड यांनाच तेथून हलवले. पुढे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पूर्व पाकिस्तानात काही बिनसले आहे ही खबर विदर्भाला तर त्याआधीच मिळालेली होती, कारण तेथून उखडलेली बंगाली कुटुंबे १९६० नंतरच्या दशकातच त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी-मुलचेऱ्याकडे, वसवली जात होती. जे आमच्या महसुली दप्तरात नोंदले जात होते ते महासत्तांना ठाऊक नव्हते, हे मी मानत नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तोच सर्वांत वजनदार आहे: प्रतिबंधाच्या नावाखाली बलाढ्य राष्ट्रे दुबळ्यांवर चाल करून जातील. ही भीती निराधार नाही. परंतु प्रत्येक राष्ट्राने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मर्यादेत राहूनच हे कर्तव्य करावयाचे आहे, असे त्याच २००७ च्या निकालात म्हटले आहे. आणि त्या मर्यादेत करण्यासारखे थोडे नाही. शस्त्रे विकणे थांबवता येते, पैसा अडवता येतो, निर्वासितांना सरहद्द मोकळी करता येते, न्यायालयात जाता येते. म्यानमारशी जिची तसूभरही सरहद्द नाही त्या चिमुकल्या गांबियाने रोहिंग्यांच्या बाजूने २०१९ साली दावा लावला, आणि ‘तुमचा संबंध काय’ हा म्यानमारचा आक्षेप न्यायालयाने २२ जुलै २०२२ रोजी फेटाळला. गांबियाजवळ सैन्य नव्हते म्हणावे इतके थोडे, पण ती करारात सामील होती, आणि तेवढे तिला पुरले.

मग भारताजवळ काय कमी आहे? १९४६ साली वंशसंहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवणारा ठराव मांडणाऱ्या तीन राष्ट्रांत क्यूबा आणि पनामा यांच्याबरोबर आपण होतो. १९५९ मध्ये आपण कराराला मान्यता दिली. परंतु त्याबरहुकूम देशात कायदा आजतागायत केलेला नाही, आणि १९८४ च्या शीखहत्याकांडातील खटल्याचा निकाल देताना १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला ही उणीव बोलून दाखवावी लागली. शिवाय कराराच्या नवव्या कलमावर, आमच्या संमतीवाचून आम्हांस आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचता येणार नाही, अशी राखीव अट आपण घालून ठेवली. तिचे समर्थक १९७३ चा दाखला देतात: १९७१ च्या कत्तलीचा आरोप असलेल्या १९५ युद्धकैद्यांच्या प्रकरणी पाकिस्तानने भारतावर दावा लावला, तेव्हा भारताने हीच अट पुढे केली. खरे आहे. पण पुढे त्या १९५ जणांवरील खटले राजकीय तडजोडीत सोडून दिले गेले आणि त्यांच्यावरील आरोपांची शहानिशा कोणत्याच न्यायासनापुढे झाली नाही, हे समर्थक सांगत नाहीत. आणि अशी अट परस्परांना लागू होत असल्यामुळे, उद्या आपण कोणावर दावा लावू गेलो तर तोही आपलीच अट आपल्यापुढे करील, हेही ते सांगत नाहीत. गांबियाला जे साधले ते आपल्याला साधू नये अशी तजवीज आपणच करून ठेवली आहे. देशांतर्गत कायदा संसदेने करावयाचा आहे, त्याला वेळ लागेल. राखीव अट मागे घेण्यास मात्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे केंद्र सरकारची एक लेखी सूचना पुरते, आणि तिची मागणी रामटेकच्या खासदारापाशी पारशिवनीच्या मतदाराने करावी, यात अस्थानी काहीच नाही.