दोन रेघा म्हणजे फैसला नव्हे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची भांडी आवरून नुकतीच टेकले होते, तेवढ्यात ओळखीतली एक मुलगी आईसोबत दारात आली. पाचवा महिना, डोळे रडून सुजलेले. हातात एका खासगी लॅबचा कागद. त्यावर ‘एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ एवढंच लिहिलेलं. सासूने त्याच संध्याकाळी तिला माहेरी धाडलं होतं. “काकू, मी तं कुठं गेले नाही, काही केलं नाही. मंग हे मले काहून?”

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात नेलं. तिथे वेगवेगळ्या किटवर रक्त तपासलं. तिला एचआयव्ही नव्हता! ती सासरी परत गेली, पण त्या चार दिवसांत शेजारीपाजारी जे पसरलं, ते कुणी परत घेतलं नाही.

मैत्रिणींनो, चूक कुणाची? मला वाटतं, किटपेक्षा एका किटवर फैसला देणाऱ्यांची जास्त. रॅपिड टेस्ट ही चाळणी आहे. धान्य चाळताना खड्यांसोबत काही चांगले दाणेही चाळणीवर राहतात. ते आपण फेकत नाही, सुपात घेऊन निवडतो. तसंच हे. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. कधीकधी दुसऱ्याच प्रतिपिंडांमुळेही रेघ उमटते.

साधा हिशेब करू. आपल्या देशात हजार प्रौढांमागे साधारण दोघांना एचआयव्ही आहे. समजा, हजार बायांची तपासणी केली आणि निरोगी शंभरांत एकीच्या बाबतीत किट चुकलं. चांगल्या किटची चूक याहूनही कमी असते, पण हिशेबासाठी धरू. म्हणजे खऱ्या बाधित दोघी आणि चुकून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आलेल्या सुमारे दहा! म्हणूनच सरकारी नियम असा, की पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासायचं. तिन्ही जुळल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं. निकाल उलटसुलट आले तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच चाचणी झाली असेल, तर तो निकाल नाही, पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे.

किटचीही काळजी घ्यावी लागते. बहुतेक किट 30 अंशांच्या आत ठेवायचे असतात. आपल्या घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. किटची मुदत पाहिली का, ठरल्या वेळेतच रेघ वाचली का, कंट्रोलची रेघ उमटली का, हे विचारायला लाजू नका. कंट्रोलची रेघच नसेल तर ती चाचणी बाद.

गरमी, म्हणजे सिफिलिसचं आणखी वेगळं. त्याच्या रॅपिड टेस्टची रेघ पूर्ण उपचार झाल्यावरही बहुधा जन्मभर येत राहते. दहा वर्षांपूर्वी बरी झालेली बाईही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ दिसते. आजार आत्ता आहे का, हे ठरवायला व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही दुसरी तपासणी लागते. मात्र गरोदरपणात डॉक्टरांनी लगेच पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं तर ‘आधी खात्री करू’ म्हणून थांबू नका. पोटातल्या बाळाला धोका असतो.

आता दुसरी बाजू. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणजे सुटलो असंही नाही. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंडं रक्तात दिसत नाहीत. शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि तपासणी दोघांची व्हावी. नवरा बाहेर गावी आणि रक्त फक्त बायकोचं, हा कुठला न्याय?

तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या, तर मात्र ते नाकारू नका. एआरटीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, ती नियमित घेतली तर बाई वर्षानुवर्षं संसार करते, बाळही निरोगी जन्मू शकतं. अशा बाळाची रॅपिड टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली तरी घाबरू नका. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्याच्यासाठी वेगळी पीसीआर तपासणी असते.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल गुप्त राहायला हवा, रुग्णाशी भेदभाव नको, असं तो सांगतो. 1097 या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

त्या मुलीचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. तिचा निकाल खोटा निघाला म्हणून ती घरात परत आली. पण खरा निघाला असता, तर? तेव्हाही तिचा गुन्हा काय होता? जिजाऊंच्या जिल्ह्यातल्या आपण बाया, निदान आपल्या घरात तरी एवढं ठरवू. कागद हातात आला, की आधी तपासणी पुरी करायची आणि सुनेला दार बंद करायचं नाही. निकाल काहीही येवो.