घारे डोळे आमचे, मुलगी मात्र हिची

बारशाला पाळण्याभोवती जमलेली मंडळी बाळाची वाटणी करतात. नाक आजोबांचं, जिवणी आत्याची, कपाळ थेट बापाचं. त्यातून डोळे घारे निघाले तर विचारूच नका! 'आमच्या घराण्यातच आहेत हो घारे डोळे' असं सांगायला बापाकडची चार माणसं पुढे सरसावतात. पण तेच बाळ तिसरी मुलगी असेल, तर घराणं एकदम गप्प. मग ऐकू येतं ते 'हिला मुलीच होतात.' मी भोपाळची. आमच्या मराठीत हिंदीची भरपूर भेसळ असते, पण हे वाक्य मात्र मी अगदी शुद्ध मराठीत ऐकलंय.

गंमत म्हणजे विज्ञान याच्या बरोब्बर उलट सांगतं. बुबुळात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळे काळे-तपकिरी, कमी असेल तर घारे किंवा निळे. निळ्या डोळ्यांत निळा रंग असा नसतोच, प्रकाश विखुरल्यामुळे तो तसा दिसतो. मेलॅनिन किती तयार होणार, यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या ओसीए-2 आणि एचईआरसी-2 या जनुकांचा वाटा मोठा. शिवाय इतर कितीतरी जनुकं हातभार लावतात. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे डोळे दोघांचे. काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होऊ शकतं, कारण पणजीकडची एखादी प्रत दोन पिढ्या गुपचूप बसून राहिलेली असते. अशा मुलाकडे बघून आईबद्दल कुजबुजणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि मुलगा की मुलगी? आईच्या बीजांडात एक्स गुणसूत्रच असतं. बापाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी 1905 मध्ये पिठातल्या किड्यांवर काम करून हा फरक दाखवला. म्हणजे जे दोघांचं आहे ते आपण बापाच्या नावावर लावतो, आणि जे बापाकडून येतं त्याचा ठपका आईवर!

पण 'मुलगा की मुलगी हे बापच ठरवतो' असंही हल्ली सर्रास म्हटलं जातं, तेही मला पटत नाही. बाप काय ठरवतो, डोंबल? कोट्यवधी शुक्राणूंतला कुठला पोचेल यावर त्याचा काडीचाही ताबा नाही. आईवरचा दोष उचलून बापावर ठेवला, तरी मुलगी होणं हा 'दोष'च राहिला की! पुन्हा तिला चौथं बाळंतपण चुकत नाहीच.

ज्या गावात मी वाढले, तिथे शंभरेक वर्षं बायकांनी राज्य केलं. 1819 मध्ये कुदसिया बेगमने चिमुकल्या मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढे सिकंदर, मग शाहजहान, मग 1926 पर्यंत सुलतान जहान. सोपं नव्हतं, मधे 1837 ते 1844 सिकंदरचा नवरा गादीवर होताच. सुलतान जहाननंतर मुलगा हमीदुल्ला आला, आणि त्याला तीन मुली. थोरली आबिदा सुलतान वारस ठरली. ती पोलो खेळायची, विमान चालवायची.

भोपाळातल्या आम्हा मराठी लोकांना 'आपण जरा पुढारलेले' असं मनातून वाटत असतं. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मध्य प्रदेशात 918 मुली होत्या. फुशारकी मारावी असा हा आकडा नाहीच, पण महाराष्ट्रात होत्या 894. दहा वर्षांपूर्वी तिथे 913 होत्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्रानेच, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. आता प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते. त्या पाटीखाली बसून 'काय मग डॉक्टर, पेढे आणू की बर्फी?' असं हसत हसत विचारणारी माणसं मी भोपाळात पाहिली आहेत, आणि ती मराठीच होती.