जवळ्याचे वाटेकरी

वर्षभर एकाच डबीतले फ्लेक्स चिमटी-चिमटीने टाकायचे आणि गोल्डफिश फिकट का पडला म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालायची, हे घरोघरी चालतं. फ्लेक्सना मी नावं ठेवणार नाही. जर्मनीत उलरिश बेन्श यांनी १९५५ साली हे खाद्य डबीत भरून विकायला काढलं. त्याआधी हौशी माणसाला जाळी घेऊन डबकी धुंडाळावी लागत. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत फिशटँक आला, त्यात या डबीचा वाटा मोठा. पण डबी उघडली की आतली जीवनसत्त्वं उतरायला लागतात, आणि जोगेश्वरीच्या जुलैत तर दोन आठवड्यांत खाद्याला कुबट वास येतो. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माशाच्या अंगावरचा लाल-केशरी रंग त्याला स्वतःला तयार करता येत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. शेवाळात तो असतो, तसा कोलंबीच्या जातीतही असतो. म्हणजे जवळ्यातही! हा शोध लागल्यापासून मी स्टेशनजवळच्या बाजारात सुका जवळा घेताना मूठभर जास्त घेते. कोळीणमावशींना कारण सांगितलं तेव्हा त्या वजनकाटा हातात धरून थांबल्याच. ‘‘माशांना जवला? आनि तू काय खानार?’’ चटणीपुरता उरतो, म्हटलं. जवळा भिजत घालून दोन-तीन पाण्यांत धुवायचा, म्हणजे खार आणि वाळू निघते. मग बोटांनी चुरडायचा. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून आणलेल्या महागड्या ‘रंगवर्धक’ डब्यांतही कोलंबीची भुकटी असते, लेबल वाचून बघा.

गोल्डफिशला मात्र रोज असं जड खाणं नको. त्याला जठरच नसतं. दात घशात, आणि गिळलेलं थेट आतड्यात. एकदम पोटभर दिलं की तो फुगतो, तिरका पोहायला लागतो. त्याला मटाराचा उकडलेला दाणा, साल काढून, कुस्करून द्यावा. मोलीला पालकाचं वाफवलेलं पान चालतं. काकडीची चकती काचेला चिकटलेल्या प्लेकोसाठी रात्री टाकायची आणि सकाळी आठवणीने काढायची, नाहीतर पाणी नासतं.

जिवंत खाद्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दुकानात लाल गुंता करून वळवळणारे ट्युबिफेक्स स्वस्तात मिळतात आणि मासे त्यांच्यावर तुटून पडतात. पण त्यांचं माहेर सांडपाण्याचा गाळ. ओशिवरा नदीच्या काठाने नाक धरून चालणाऱ्या जोगेश्वरीकराला आणखी काय सांगायचं? त्यापेक्षा गोठवलेले ब्लडवर्म बरे, फक्त फ्रीजरमधली जागा घरच्यांशी बोलून ठरवावी. डासांच्या अळ्या तर गप्पीचा जीव की प्राण. महापालिका विहिरींत गप्पी सोडते ती त्याचसाठी. म्हणून बाल्कनीत बादली भरून अळ्या वाढवायला जाल, तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास उडतील आणि पाठोपाठ पालिकेची नोटीस.

माझी पसंती आर्टेमियाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोलंबीच्या इवल्या भावंडाला. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर अंडी, हवेची नळी. मुंबईच्या उकाड्यात हीटर लागत नाही. २४ ते ३६ तासांत केशरी ठिपके पोहायला लागतात. दिव्याकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन लगेच घालायचे, कारण अंड्यातून आणलेली शिदोरी काही तासांत संपते. वडाळ्याच्या मिठागरात हा जीव सापडल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णींनी १९५३ सालीच केली होती. आपण मात्र अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची अंडी डबीतून आणतो, आणि मिठागरांवर काय बांधायचं यावर वाद घालतो.

सोमवारी आमच्या टँकला उपास असतो. साबुदाणाही नाही.